वेंडेला नूर्बीच्या दुःखाची खातरजमा

ग्रानविक नगरपालिकेच्या हद्दीत, बंद पडलेल्या लाकूड गिरणीसमोरच्या बसथांब्यावर, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वेंडेला नूर्बी या एकोणीस वर्षांच्या मुलीचा प्रेमभंग झाला. हा विषय त्या वेळी नगरपालिकेच्या कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नसल्यामुळे त्याची नोंद घेतली गेली नाही. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या एका हलगर्जीपणात आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी तोर्स्टेन ब्रेनवाल, नगरपालिकेचा संस्कृती अधिकारी. संस्कृती खात्यात मी एकटाच असल्यामुळे खात्याच्या बैठका वेळेवर सुरू होतात आणि ठराव एकमताने पास होतात. पर्यटन आणि पोहण्याचा तलावही माझ्याकडेच आहे.

प्रेमभंग करणारा मेल्कर हा आमच्या बेकरीत बन भाजायचा. त्याला नॉर्वेत मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम मिळालं. थांब्यावर वेंडेलाने त्याला विचारलं, "परत कधी येशील?" तो म्हणाला, "बघू." आमच्या उत्तरेकडे 'बघू' म्हणजे नाही. एवढ्यात बस आली. आमच्याकडे बस बर्फातही वेळेवर येते, याचा त्या दिवसापर्यंत आम्हाला अभिमान होता.

तीन आठवड्यांनी वेंडेला माझ्या कचेरीत आली आणि वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीची किल्ली मागू लागली.

"कशासाठी?"

"गाणं म्हणायचंय."

"खोली एकट्या माणसाला मिळत नाही. अभ्यास मंडळ लागतं. किमान तीन सभासद, हजेरीपट आणि उद्दिष्ट."

"मी, पप्पा आणि तू. झाले तीन," ती म्हणाली. "उद्दिष्ट गाणं संपलं की कळेल."

मी उद्दिष्टाच्या रकान्यात 'सामाजिक समावेशन' असं लिहिलं. तो शब्द कुठेही बसतो.

तिचा पप्पा म्हणजे सिगवार्ड. नगरपालिकेचा बर्फ लोटणारा ट्रॅक्टर तो सत्तावीस वर्षं चालवत होता. वेंडेलाची आई ती लहान असतानाच दक्षिणेला निघून गेली होती, आणि दक्षिणेला गेलेलं माणूस आम्ही मेल्यात जमा धरतो. बापलेकीचं घर शांत होतं. इतकं, की त्यांच्याकडे फ्रीज बिघडला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, भांडण झालं.

तळघरात तिने गिटार घेतली आणि 'बस वेळेवर आली' हे गाणं म्हटलं. सिगवार्डने टोपी काढून मांडीवर ठेवली. ती टोपी तो आंघोळीलाच काढतो. मी हजेरी घ्यायची विसरलो. गाणं संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, पण ते आमच्या गावात नेहमीचंच असल्यामुळे वेंडेलाला त्यावरून काही अंदाज करता आला नाही. तिने गाणं मोबाइलवर टेप केलं होतं, ते लोकांसाठी खुलं केलं आणि घरी जाऊन झोपली.

जूनपर्यंत ते चार कोटी वेळा ऐकलं गेलं. आमचा अख्खा देश एक कोटीचा. म्हणजे तान्ही बाळं आणि बहिरे धरून प्रत्येकाने चार-चार वेळा.

मग स्टॉकहोमहून पेट्रोनेला येर्ट्स आली. ती एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीत 'भावनिक विश्वासार्हता प्रमुख' या हुद्द्यावर होती. पांढरेशुभ्र बूट घालून ती आमच्या डासांमध्ये उतरली आणि तिने पहिल्याच वाक्यात सगळ्यांना अरे-तुरे केलं. अहो-जाहो आमच्या देशातून कधीच हद्दपार झालं आहे. पंतप्रधानालाही आम्ही 'अरे' म्हणतो. त्यामुळे कोण कोणाला हुकूम सोडतंय हे पटकन लक्षात येत नाही.

"वेंडेला, आम्हाला तुझ्यात काहीही बदलायचं नाही," पेट्रोनेला म्हणाली. "तू आहेस तशीच राहा."

"करारात हे सतरावं कलम काय आहे?"

"तेच आहे. 'कलावंत करारकाळात आपल्या गाण्यांशी सुसंगत अशा मनःस्थितीत राहील.' म्हणजे तू आहेस तशीच राहा."

"किती दिवस?"

"तीन अल्बम."

वेंडेलाने बापाकडे पाहिलं. सिगवार्डने कागद उलटसुलट केला.

"तू वाचलंस हे?" त्याने विचारलं.

"नाही, पप्पा."

"मीपण नाही," सिगवार्ड म्हणाला, आणि साक्षीदार म्हणून सही केली.

नगरपालिकाही मागे राहिली नाही. गिरणीसमोरचा थांबा 'भावनिक वारसास्थळ' म्हणून घोषित झाला. जर्मनीहून, हॉलंडहून, एकदा तर थेट जपानहून माणसं आली. थांब्यावरच्या बाकावर बसून रडण्यासाठी रांग लागायची. रांग म्हटली की आम्हाला हुरूप येतो. मी तिथे आकड्याची चिठ्ठी देणारं यंत्र बसवलं आणि प्रत्येकाला बारा मिनिटं ठरवून दिली. गर्दीमुळे बसला तिथे थांबणं अशक्य झालं, म्हणून बसथांबा तीनशे मीटर पुढे हलवला. आता लोक अशा थांब्यावर रडत होते, जिथे बस येत नव्हती, आणि ते त्यांना जास्तच भिडत होतं. गावासाठी मी घोषवाक्यही तयार केलं: 'ग्रानविक: इथून माणसं जातात'. ते आमच्या लोकसंख्येच्या आकड्यांशीही जुळत होतं.

वेंडेला गात होती. देशभर हिंडत होती. तिच्या दौऱ्यावर कंपनीचा एक माणूस असायचा, तो रोज सकाळी तिला विचारायचा, "कशी आहेस?" ती "ठीक" म्हणाली की तो काळजीत पडायचा.

नोव्हेंबरमध्ये मेल्कर परत आला.

त्याच्या हातात गोठवलेल्या कॉड माशाची पेटी होती आणि चेहऱ्यावर, त्याच पेटीतल्या माशासारखा, काहीच भाव नव्हता. नऊ महिने मासे कापून त्याला एवढंच कळलं होतं की त्याला मासे बघवत नाहीत. तो सरळ नूर्बींच्या घरी गेला. वेंडेला दौऱ्यातून दोन दिवसांसाठी आली होती. दारात ते काय बोलले ते कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर सिगवार्ड मला म्हणाला, "पोरगी हसते."

मला सतरावं कलम आठवलं.

तातडीची बैठक बोलावली. डिसेंबर उजाडला होता, म्हणून मेणबत्त्या लावल्या, केशराचे बन ठेवले. आमच्याकडे कुठल्याही बैठकीत आवाज चढवत नाहीत. सगळे सहमत होईपर्यंत कॉफी पितात. ज्याला आधी लघवीला जावं लागतं तो हरतो.

"मेल्कर, तू परत आलास याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झालाय," पेट्रोनेला म्हणाली. "आता परत कधी जातोस?"

"नाही जात," मेल्कर म्हणाला.

"सहा महिन्यांसाठीही नाही?"

"नगरपालिका तुला शिष्यवृत्ती देऊ शकते," मी म्हणालो. "नॉर्वेतल्या मत्स्योद्योगाचा सखोल अभ्यास."

"तोर्स्टेन, मी मासा पाहिला तरी मला ओकारी येते."

"मग दुसऱ्या कशाचा अभ्यास कर. फक्त तो नॉर्वेत असू दे."

वेंडेला इतका वेळ बनमधले बेदाणे वेचून बाजूला ठेवत होती. ती म्हणाली, "मी सुखाची गाणी लिहीन. लिहिता येतात मला."

पेट्रोनेलाने वहीत काहीतरी टिपलं. "लिही ना. आम्ही कधी कोणाला अडवत नाही. आपण फक्त आकडे बघू."

तिने लिहिलं. मेल्कर पहाटे कामावरून येतो तेव्हा त्याच्या कानांच्या मागे पीठ राहिलेलं असतं, एवढंच त्या गाण्यात होतं. मी संगीताचा जाणकार नाही, पण ते ऐकल्यावर मी घरी गेलो आणि बायकोशी बोललो. बायको घाबरली. सांगायचं ते हे की गाणं चांगलं होतं.

लोकांनी ते सरासरी अकरा सेकंद ऐकलं. खाली अभिप्राय आले. "आम्ही तुझ्यासाठी रडलो, आणि तू ही अशी?" "माझा घटस्फोट तुझ्या गाण्यावर झाला. आता मी काय समजू?" एका निवृत्त शिक्षिकेने शुद्ध आणि सभ्य भाषेत लिहिलं होतं, "मेल्करला परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी."

तेव्हा तोडगा निघाला. तो माझा होता हे मी लपवत नाही. मेल्कर कागदोपत्री नॉर्वेत राहील; त्याचा नोंदणीकृत पत्ता तिथलाच असेल. प्रत्यक्षात तो सिगवार्डच्या अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या आंघोळीच्या, खोपटात राहील आणि पर्यटकांच्या वेळेत, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. बेकरीचं काम तसंही पहाटेचंच. सगळे सहमत झाले. वेंडेला शेवटी झाली. तिला फक्त गावात राहायचं होतं आणि गायचं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर एवढं करावंच लागेल, असं तिला आम्ही पाच कप कॉफीत पटवून दिलं.

"आणि मला सौना घ्यायचा असला तर?" सिगवार्डने विचारलं.

"तेवढा वेळ मेल्कर बाहेर थांबेल."

"उणे अठरात?"

"अंगात कोट असेलच की त्याच्या," मी म्हणालो.

चार महिने उत्तम गेले. दुसरा अल्बम आला. त्यातली गाणी स्टॉकहोमच्या नऊ लोकांनी मिळून लिहिली होती, त्यातल्या सहा जणांचे प्रेमभंग कंपनीने स्वतः तपासून घेतले होते. वेंडेला ती नीट म्हणायची. म्हणताना बुटांकडे बघायची. समीक्षकांनी लिहिलं, 'वेदना आता अंतर्मुख झाली आहे.'

एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागलं आणि एक डच जोडपं रस्ता चुकून बेकरीच्या मागच्या दाराशी गेलं. तिथे नॉर्वेत असलेला मेल्कर एप्रन लावून उभा होता आणि वेंडेला त्याच्या कानामागचं पीठ पुसत होती. डच बाईने फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या युरोपने पाहिला.

श्रोता संरक्षण मंडळाकडे अकरा हजार तक्रारी गेल्या. हे मंडळ तोवर मैफिलीत खुर्ची टोचली, मागच्याने बडीशेपेचे चिप्स खाल्ले, असल्या तक्रारी बघायचं. दुःखाची फसवणूक हा त्यांच्यापुढे आलेला पहिलाच मोठा विषय होता आणि मंडळाला चेव चढला. मुद्दा असा मांडला गेला की गायिका आज सुखी असेल, तर ती तेव्हाही दुःखी होती कशावरून? चौकशीसाठी हेड्विग क्लिंग ही अधिकारी दक्षिणेकडून आली. बाई सज्जन होती. स्वतःची कॉफी स्वतःच्या थर्मासातून प्यायची, कोणाचा मिंधेपणा नको म्हणून.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली.

"प्रेमभंगानंतर तू डॉक्टरला दाखवलंस?" हेड्विगने वेंडेलाला विचारलं.

"आरोग्य केंद्रात वेळ मागितली होती. अकरा आठवड्यांनंतरची मिळाली."

"मग गेलीस?"

"तोवर गाणं झालं होतं."

"म्हणजे वैद्यकीय कागद नाही." हेड्विगने खूण केली. "कोणी साक्षीदार?"

सिगवार्ड पुढे आला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

"सिगवार्ड, तुझी मुलगी त्या काळात दुःखी होती का?"

सिगवार्डने ओठांचा चंबू करून झटकन आत हवा ओढली. आमच्या उत्तरेकडे 'हो' हे असंच म्हणतात. कॉफीचा नवा डबा फोडल्यावर होतो तेवढाच आवाज. हेड्विगला हे ठाऊक नव्हतं.

"उत्तर दे."

त्याने पुन्हा हवा ओढली, जरा ठासून.

"साक्षीदाराला दमा आहे का?"

"तो हो म्हणतोय," मी म्हणालो.

हेड्विगने नोंद करणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. "तोंडातून बाहेर आलेलं बोलणंच याच्यात नोंदता येतं. आत गेलेल्याची सोय नाही." नोंद झाली: साक्षीदार निरुत्तर.

"बरं, ती घरात कशी वागायची ते सांग."

"बोलायची नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही नाही."

"मग फरक काय पडला?"

"ती माझा डबा भरते," तो म्हणाला. "तेव्हापासून भाकरीला लोणी लावायचं विसरायला लागली. राईची कडक भाकरी, कोरडी. मी काही म्हटलं नाही. कोरडीच खाल्ली. आठ आठवडे."

वेंडेलाने झटकन त्याच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांत सिगवार्ड एका दमात एवढं बोललेला मी पाहिला नव्हता.

हेड्विगने हळूच विचारलं, "याची काही पावती?"

"कसली?"

"लोणी न लावल्याची."

निकाल जूनमध्ये आला. 'बस वेळेवर आली' या गाण्याआधी प्रत्येक वेळी एक सूचना वाजवावी असा आदेश निघाला: 'सदर गाण्यातील दुःखाची खातरजमा होऊ शकलेली नाही.' सूचना सात सेकंदांची होती. गाण्याची सुरुवातीची गिटार चार सेकंदांची. लोक शब्दांपर्यंत पोचेनात. कंपनीने सतराव्या कलमाखाली करार संपवला. पेट्रोनेलाने वेंडेलाला फुलं पाठवली आणि 'तू आहेस तशीच राहा' असं लिहिलं. वारसास्थळ बंद झालं. मेल्कर मात्र कागदोपत्री नॉर्वेतच होता. त्याला कागदावर परत आणायला आठ महिने लागले आणि तोवर त्यांना लग्न करता येईना.

वेंडेला बेकरीत लागली. मी सकाळी पाव घ्यायला जायचो तेव्हा मागून तिचा आवाज यायचा. कणीक मळताना ती काहीतरी स्वतःचं म्हणायची. माझ्या चिठ्ठीचा आकडा पुकारला गेला तरी मी पुढे जायचो नाही, मागच्याला जाऊ द्यायचो. इतर लोकही तसंच करायचे, त्यामुळे रांग हलायची नाही आणि कोणाची तक्रारही नसायची. ते दिवस बरे होते. त्यांची कुठेही नोंद नाही.

इथे मला माझ्या खात्याकडे यावं लागेल. थांबा गेल्यावर पर्यटनासाठी काहीतरी नवं हवं होतं. मी गोठलेल्या तळ्यावर पाच किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग करायचं ठरवलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सिगवार्डला तळ्यावर ट्रॅक्टर घालायला सांगितलं.

"बर्फाची जाडी मोजलीय?" त्याने विचारलं.

"मोजणीचा विषय तांत्रिक खात्याकडे विचाराधीन आहे," मी म्हणालो. "पण उद्घाटन शनिवारी आहे."

सिगवार्डने हवा आत ओढली आणि ट्रॅक्टरवर चढला.

ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ नऊच सेंटिमीटर होतं, हे मोजणीत नंतर निष्पन्न झालं. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढला. सिगवार्डला त्याच दिवशी काढलं होतं, पण उपयोग नव्हता.

अंत्यविधीला अख्खं गाव आलं. प्रवचन झालं. कोळंबी आणि काकडी लावलेला सँडविचचा मोठा केक बाजूच्या सभागृहात तयार होता. तेवढ्यात वेंडेला उठली, शवपेटीजवळ गेली, आणि गिटारीशिवाय काहीतरी म्हणू लागली. चारच ओळी असाव्यात. लोण्याबद्दल होतं. तिसऱ्या ओळीत तिचा आवाज थांबला आणि परत आला नाही. मेल्करने तिला धरून जागेवर आणलं.

मी माझ्या मोबाइलवर एकेचाळीस सेकंद टेप केले. का केले, हे मला विचारलं जातं. मला खरंच सांगता येत नाही. हात सवयीने गेला.

मोबाइल कचेरीचा होता. अधिकाऱ्याने कचेरीच्या साधनावर तयार केलेली कुठलीही गोष्ट आमच्या देशात सार्वजनिक दस्तऐवज ठरते, आणि सार्वजनिक दस्तऐवज मागेल त्याला द्यावाच लागतो. हे आमच्या लोकशाहीचं भूषण आहे. सोमवारी पेट्रोनेलाचा अर्ज आला. तिला कोणी कळवलं ते मी चौकशीअंती शोधू शकलो नाही. गाण्याच्या वेळी चर्चमध्ये दोनशे माणसं होती आणि दोनशे मोबाइल. कायदा म्हणतो, प्रत 'तत्परतेने' द्यावी. मी चाळीस मिनिटांत दिली. माझ्या सेवेतला तो विक्रम आहे.

या वेळी श्रोता संरक्षण मंडळाने कोणी न मागता स्वतःहून तपासणी केली. मृत्यूचा दाखला होता. पाण्याच्या तापमानाची नोंद होती. मंडळाने पहिल्यांदाच आपला नवा शिक्का वापरला: 'दुःख खरे. खातरजमा झालेली.' आठवड्यात नऊ कोटी लोकांनी ते ऐकलं. वर्षाची सर्वोत्तम गायिका म्हणून वेंडेलाचं नाव पुकारलं गेलं. ती बेकरीत होती. पुरस्कार पेट्रोनेलाने घेतला आणि ती रडली. मी टीव्हीवर पाहिलं. ते रडणं खरं होतं, मला त्यातलं आता कळतं.

मार्चमध्ये वेंडेला माझ्या कचेरीत आली. दारातल्या यंत्रातून तिने आकड्याची चिठ्ठी काढली. कचेरीत दुसरं कोणीच नव्हतं, तरी मी आकडा पुकारेपर्यंत ती बसून राहिली.

"ते काढून टाक," ती म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्याच हातात होतं, तोर्स्टेन."

मी नियमावली उघडली. दुसरीकडे बघायला मला काहीतरी हवं होतं. सार्वजनिक ध्वनिमुद्रण मनाला येईल तेव्हा नष्ट करता येत नाही. सलग तीस दिवस एकाही नागरिकाने ते ऐकलं नाही, तर ते 'अनावश्यक' ठरतं आणि नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून, कंपनीकडून, सगळीकडून कायमचं काढलं जातं. मी तिला कलम वाचून दाखवलं.

"तीस दिवस," ती म्हणाली. "फक्त तीस दिवस कोणी ऐकायचं नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

"होईल की मग. माणसं चांगली आहेत."

याला आता तीन वर्षं झाली. रोज सकाळी आठला मी कोणीही न ऐकलेल्या सलग दिवसांचा आकडा बघतो. पहिल्या वर्षी तो कधी दोनाच्या वर गेलाच नाही. मग लोक नव्या दुःखांकडे वळले आणि आकडा चढू लागला. एकदा सव्वीस झाले. त्या दिवशी एका मोठ्या दैनिकाने 'वेंडेलाला एकटं सोडा' असा अग्रलेख लिहिला. तो इतका हृदयस्पर्शी होता की दुपारपर्यंत सहा लाख लोकांनी ते मुद्रण ऐकलं. एकदा एकोणीस झाले, तेव्हा पाद्रीणबाईंनी प्रवचनात दुसऱ्याच्या वेदनेचा मान कसा राखावा हे सांगताना या प्रकरणाचं उदाहरण दिलं. चर्चच्या पायऱ्या उतरता उतरताच मंडळींनी मोबाइल काढले.

एकदा अठ्ठावीस झाले होते. तेव्हा मी ऐकलं. दोन दिवसांनी ते नाहीसं होणार होतं. सिगवार्डच्या नावाचं गावात दुसरं काही उरलेलं नव्हतं. मला फक्त एकदा खात्री करायची होती की ते नीट आहे. तिसऱ्या ओळीपर्यंत गेलो. मग आकडा शून्य झाला. वेंडेलाला मी हे सांगितलं. तिने पावाची पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि पुढचा आकडा पुकारला.

तिच्या घरात आता एक मुलगी आहे, दीड वर्षाची. मेल्कर म्हणतो, वेंडेला तिला झोपवताना गात नाही, पाठीवर नुसता हात ठेवते. मोठी झाल्यावर पोरीने ते कुठूनतरी ऐकू नये, एवढीच तिची घाई आहे.

मी हे सगळं लिहून काढणार आहे, असं तिला गेल्या आठवड्यात सांगितलं. लोकांना समजावून सांगितलं तर कोणी ते मुद्रण ऐकणार नाही, असं मला वाटत होतं.

"लिहू नकोस," ती म्हणाली.

"मी त्यांना विनंती करीन. कुठे मिळतं तेही सांगणार नाही."

"तोर्स्टेन, ऐकणारं कोणी वाईट नसतं रे. वाईट वाटतं म्हणूनच ऐकतात."

तरीही मी लिहिलं. आज सकाळी आकडा एकोणतीस होता. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही संवेदनशील आहात, आणि म्हणूनच माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे की उद्या सकाळी आठपर्यंत तेवढं ऐकू नका. तुम्ही नाही म्हणणार नाही. एकदाच, आणि तेही एकेचाळीसच सेकंद, असं तुमच्या मनात येऊन गेलं असेल तर त्यात गैर काही नाही. सगळ्यांच्याच मनात ते असंच येतं.